एमएच ३१ म्हणजे पाच एक : मूळ संख्यांचे द्विमान रूप हाताने कसे वाचावे

शंकरनगर चौकात सिग्नलला थांबले की समोरच्या बहुतेक गाड्यांवर एमएच ३१ नाहीतर एमएच ४९ दिसते. ३१ हा नागपूर शहराच्या आरटीओचा क्रमांक, ४९ पूर्व नागपूरचा, आणि अधूनमधून ग्रामीणचा ४० डोकावतो. सहावीतल्या माझ्या भाचीने एकदा गाडीवर मागे बसल्या बसल्या विचारले, "मामा, ३१ मूळ संख्या आहे अन् ४९ नाही. मग नुसतं पाहून ते काहून नाही समजत?" त्या रात्री आम्ही वही उघडली आणि दोन्ही क्रमांक द्विमान पद्धतीने, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिले. ३१ झाले १११११. ४९ झाले ११०००१. ओळीने उभे पाच एक पाहून ती हरखली, आणि त्या उन्हाळ्यातल्या कितीतरी दुपारी कूलरसमोर बसून आम्ही हेच केले.

ज्यांनी बायनरी कधी लिहिलेली नाही, पण ज्यांना भागाकार येतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. चौकटीची वही आणि पेन्सिल घ्या. कॅल्क्युलेटर लांब ठेवा, कारण हाताने लिहिल्याशिवाय हे आकृतिबंध डोळ्यांत ठरत नाहीत. एक गोष्ट आधीच सांगतो: मूळ संख्यांच्या द्विमान रूपात नवख्याला जे चमत्कार दिसतात, त्यांतले पुष्कळसे प्रत्यक्षात ३ या एकाच संख्येचे काम असते. म्हणून चौथ्या पायरीवर घाई करू नका.

पायरी १ : संख्या द्विमानात लिहा

नेहमीच्या पद्धतीत एकं, दहं, शतं अशी घरे असतात आणि प्रत्येक घर आधीच्या दहापट. इथे प्रत्येक घर आधीच्या दुप्पट: उजवीकडून १, २, ४, ८, १६, ३२, ६४. प्रत्येक किमतीचे एकच नाणे तुमच्याजवळ आहे असे समजा आणि मोठ्यापासून सुरुवात करून रक्कम चुकती करा. ३७ साठी ३२ दिले, ५ उरले. १६ चालत नाही, ८ चालत नाही, ४ दिले, १ उरला. २ चालत नाही, १ दिला. दिले तिथे १, नाही दिले तिथे ०. झाले १००१०१.

दुसरी रीत म्हणजे २ ने भागत जाणे. ३७ भागिले २, भागाकार १८, बाकी १. मग ९ बाकी ०, ४ बाकी १, २ बाकी ०, १ बाकी ०, शेवटी ० बाकी १. या बाक्या खालून वर वाचायच्या. नवखे हमखास वरून खाली वाचतात. भाचीनेही तेच केले आणि तिला १०१००१ मिळाले, म्हणजे ४१. उत्तर चुकले, पण ४१ हीसुद्धा मूळ संख्याच आहे. तिच्या या चुकीकडे आपण पाचव्या पायरीवर परत येणार आहोत.

पायरी २ : ६४ च्या आतल्या मूळ संख्यांची यादी करा

१ ते ६३ पर्यंतचे आकडे लिहा आणि २, ३, ५, ७ यांचे पाढे खोडत चला, त्या चार संख्या मात्र ठेवा आणि १ खोडा. ११ ची गरज नाही, कारण ११ चा वर्ग १२१ होतो. जे उरेल ते द्विमानात, लांबीनुसार गट पाडून लिहा:

दोन अंकी : २ = १०, ३ = ११
तीन अंकी : ५ = १०१, ७ = १११
चार अंकी : ११ = १०११, १३ = ११०१
पाच अंकी : १७ = १०००१, १९ = १००११, २३ = १०१११, २९ = १११०१, ३१ = १११११
सहा अंकी : ३७ = १००१०१, ४१ = १०१००१, ४३ = १०१०११, ४७ = १०११११, ५३ = ११०१०१, ५९ = १११०११, ६१ = ११११०१

हे स्वतः काढून मग ताडून पाहा. नुसते उतरवून घेतलेत तर पुढच्या पायऱ्या पोकळ वाटतील.

पायरी ३ : टोके पाहा

डावीकडचा पहिला अंक १ असतो, तो कोणत्याही संख्येचा असतोच. उजवीकडचा शेवटचा अंकही १ आहे, अपवाद फक्त २ चा. शेवटी ० म्हणजे सम संख्या, तेव्हा यात नवल नाही.

शेवटचे दोन अंक मात्र बोलके आहेत. ज्या मूळ संख्यांच्या शेवटी ०१ आहे, त्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येतात: १३ = ४ + ९, २९ = ४ + २५, ४१ = १६ + २५, ६१ = २५ + ३६. ज्यांच्या शेवटी ११ आहे त्या कधीच येत नाहीत. याचे कारण द्विमानातच दिसते. कोणत्याही वर्गाच्या शेवटी ०० किंवा ०१ असते, त्यामुळे दोन वर्गांच्या बेरजेच्या शेवटी ००, ०१ किंवा १० येऊ शकते, ११ येत नाही. ०१ वाल्या प्रत्येक मूळ संख्येला ही बेरीज जमतेच, हे फर्माने सांगितले आणि ऑयलरने सिद्ध केले. ती सिद्धता अवघड आहे, ती सध्या राहू द्या.

पायरी ४ : ३ ची कसोटी

शाळेत ११ ची कसोटी शिकवतात ती आठवा: एक सोडून एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या आणि फरकाला ११ ने भाग जातो का पाहायचे. द्विमानात नेमकी हीच रीत ३ साठी चालते.

कारण घरांच्या किमतींमध्ये आहे. १, ४, १६, ६४ यांना ३ ने भागले तर बाकी १ उरते. २, ८, ३२ यांना भागले तर बाकी २, म्हणजेच ३ ला १ कमी. म्हणून उजवीकडून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या घरातला प्रत्येक एक अधिक १ धरायचा, आणि दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या घरातला प्रत्येक एक उणे १. हिशेब ० किंवा ३ च्या पटीत आला तर संख्येला ३ ने भाग जातो.

४५ घ्या, १०११०१. विषम घरांत दोन एक, सम घरांत दोन एक, फरक ०. भाग जातो. ३७ घ्या, १००१०१. विषम घरांत दोन, सम घरांत एक, फरक १. भाग जात नाही. वहीत दहा-बारा संख्यांवर हे करून पाहा. बोट ठेवून मोजा, घरे चुकतात ती इथेच.

५ आणि ७ च्या कसोट्याही सोप्या आहेत. ७ साठी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून त्यांची बेरीज करा, कारण ८ ला ७ ने भागले की बाकी १ उरते. ५ साठी दोन-दोनचे गट पाडून आळीपाळीने अधिक-उणे करा. आता एमएच ४९ ची पाटी पाहा: ११० आणि ००१, म्हणजे ६ अधिक १, बरोबर ७. सिग्नलवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर भाचीला इथे मिळाले. तीन अंकांवर एक रेघ मारली की ४९ मधले ७ पाहूनच कळते.

पायरी ५ : आरशात पाहा

मला सगळ्यांत आवडते ती ही पायरी. यादीतली प्रत्येक संख्या उलटी वाचा आणि काय मिळते ते शेजारी लिहा.

११ म्हणजे १०११, उलटे ११०१, म्हणजे १३. गाड्यांच्या भाषेत साताऱ्याचे सोलापूर झाले. २३ म्हणजे १०१११, उलटे १११०१, म्हणजे २९: बीड आणि यवतमाळ. ३७ उलटले की ४१, म्हणजे वाशीम आणि मालेगाव, आणि हीच ती भाचीची चूक. ४३ चे ५३ होते, ४७ चे ६१. शिवाय ५, ७, १७, ३१ दोन्हीकडून सारख्याच वाचल्या जातात, "चिमा काय कामाची" सारख्या.

मूळ संख्येचे प्रतिबिंब मूळच असते असा नियम आहे की काय, असे कोणालाही वाटेल. तो नियम नाही. १९ उलटा केला तर ११००१ म्हणजे २५ येतात, आणि ५९ उलटा केला तर ११०१११ म्हणजे ५५. मग बाकीच्या सगळ्या कशा काय जमल्या?

चौथी पायरी आठवा. संख्या उलटी केली की अंक घरे बदलतात. एकूण घरे विषम असतील तर विषम घरातला एक विषम घरातच जातो, फरक होता तसाच राहतो. एकूण घरे सम असतील तर विषम घरातला एक सम घरात जातो आणि उलट, म्हणजे फरकाचे फक्त चिन्ह बदलते. दोन्ही प्रकारांत ३ ने भाग जाणारी संख्या उलटून भाग जाणारीच राहते, न जाणारी न जाणारीच. २ चे तर विचारायलाच नको, दोन्ही टोकांना १ आहे. तेव्हा विषम मूळ संख्येच्या प्रतिबिंबाला २ ने कधीच भाग जात नाही आणि ३ ने जाणारी प्रतिबिंबे फक्त ३ ची स्वतःची.

आता ६४ च्या आत अशा कोणत्या संयुक्त संख्या आहेत, ज्यांना २ ने आणि ३ ने भाग जात नाही? फक्त चार: २५, ३५, ४९ आणि ५५. एखाद्या मूळ संख्येचे प्रतिबिंब बिघडायचे तर या चारांपैकीच एखादीवर आदळून. त्यातही ३५ म्हणजे १०००११ आणि ४९ म्हणजे ११०००१ या एकमेकींचीच प्रतिबिंबे आहेत, गोंदिया आणि पूर्व नागपूर. त्या दोघी एकमेकींत अडकल्या. उरल्या २५ आणि ५५, आणि त्यांनी बरोबर १९ आणि ५९ बिघडवल्या. जळगावच्या गाडीला आरशात धाराशिव दिसते ते यामुळे.

हे कागदावर उलगडले तेव्हा मी बराच वेळ पेन्सिल खाली ठेवून बसलो होतो. जो आकृतिबंध मूळ संख्यांचा वाटत होता, तो ३ च्या कसोटीचा आणि लहान संख्यांमध्ये जागा कमी असण्याचा निघाला. पडताळा हवा असेल तर सात अंकी मूळ संख्या घ्या, ६७ पासून १२७ पर्यंत. त्या १३ आहेत. तिथे ७९, ८९, १०३ आणि १०९ या चार बिघडतात, त्यांची प्रतिबिंबे अनुक्रमे १२१, ७७, ११५ आणि ९१. यांतल्या एकीलाही ३ ने भाग जात नाही.

याच विचारातून आणखी एक गोष्ट हाती लागते. दोन्हीकडून सारखी वाचली जाणारी, पण सम अंकांची संख्या घ्या: १००१, ११११, १००००१, ११००११. प्रत्येक एकाचा जोडीदार विरुद्ध जातीच्या घरात असतो, त्यामुळे फरक नेहमी ०. अशा प्रत्येक संख्येला ३ ने भाग जातो. त्यांतली मूळ संख्या एकच, खुद्द ३, म्हणजे ११.

पायरी ६ : एक मोजा

आता १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्या घ्या आणि प्रत्येकीत किती एक आहेत ते मोजा. माझ्या वहीत १५ संख्यांमध्ये एक विषम निघाले आणि १० संख्यांमध्ये सम. हा कल कुठून आला?

पुन्हा ३ कडे चला. १०० पर्यंत ३ च्या पटी ३३ आहेत. त्यांतल्या २६ मध्ये सम एक आहेत आणि फक्त ७ मध्ये विषम. कारण लहान संख्येत ३ ने भाग जायचा तर बहुधा फरक ० होऊनच जातो, आणि फरक ० म्हणजे दोन्हीकडे सारखे एक, म्हणजे एकूण सम. एकूण विषम हवे तर फरक ३ लागतो, त्यासाठी एकाच जातीच्या घरांत किमान तीन एक हवेत. अशी पहिली संख्या २१, १०१०१. ३ च्या पटींनी सम एकांच्या जागा अशा अडवल्या की मूळ संख्यांच्या वाट्याला विषम जास्त येतात.

३ च्या पटींचा हा वरचढपणा कधीच संपत नाही, हे न्यूमन यांनी १९६९ मध्ये सिद्ध केले, मात्र टक्क्यांत तो मावळत जातो. मूळ संख्यांबद्दलचा प्रश्न जास्त कठीण होता. गेलफाँड यांनी तो १९६८ मध्ये मांडला आणि मोदुई व रिव्हा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी त्याचे उत्तर २०१० मध्ये प्रसिद्ध केले: पुढे पुढे जावे तसे सम एकांच्या आणि विषम एकांच्या मूळ संख्या निम्म्या-निम्म्या होत जातात. आपण वहीत मोजतो त्या साध्या गोष्टीला चाळीसेक वर्षे लागली, हे मुलांना आवर्जून सांगा.

पायरी ७ : सगळे एक

३, ७, ३१, १२७. यांच्या द्विमान रूपात शून्य नाहीच. यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ११, १११, ११११, १११११ असे लिहीत गेलात तर लगेच कळेल की सगळ्याच चालत नाहीत. सहा एक घ्या: १११११ च्या पुढे आणखी एक, १११११११ च्या अलीकडची. तिचे १११ आणि १११ असे दोन सारखे तुकडे पडतात, म्हणून ती १११ गुणिले १००१, म्हणजे ७ × ९ = ६३. ज्या लांबीचे एकाहून जास्त अंकांचे सारखे तुकडे पडतात ती संख्या संयुक्तच. म्हणून लांबी मूळ असावीच लागते.

पण तेवढे पुरत नाही. अकरा एक घेतले तर २०४७ होते, आणि ते २३ × ८९. १६४४ मध्ये मर्सेनने कोणत्या लांब्या चालतात याची २५७ पर्यंतची यादी दिली. तीत ६७ आणि २५७ चुकीच्या होत्या, आणि ६१, ८९, १०७ राहून गेल्या होत्या. ६७ एकांच्या संख्येचे अवयव कोल यांनी १९०३ मध्ये दाखवले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. एमएच ३१ वाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. ३१ मध्ये पाच एक आहेत, आणि ३१ एक ओळीने लिहिले की २,१४,७४,८३,६४७ होते. तीही मूळ संख्या आहे, हे ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केले.

सध्या माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या याच कुळातली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांना गिम्प्स या उपक्रमातून ती सापडली. तिच्यात १३,६२,७९,८४१ एक आहेत, आणि नेहमीच्या पद्धतीने लिहिली तर ४,१०,२४,३२० अंक. अशी ही ५२ वी. या संख्या अनंत आहेत का, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

पायरी ८ : फक्त टोकांना एक

१०१, १०००१, म्हणजे ५ आणि १७. मध्ये सगळी शून्ये. १००१ आणि १००००१ लगेच बाद होतात, कारण त्या सम अंकी आणि दोन्हीकडून सारख्या आहेत, पाचवी पायरी पाहा. पुढे तपासत गेलात की फक्त ३, ५, १७, २५७, ६५५३७ उरतात. पुढची, ४,२९,४९,६७,२९७, मूळच असणार असे फर्माला वाटत होते. १७३२ मध्ये ऑयलरने ती ६४१ × ६७,००,४१७ आहे हे दाखवले. त्यानंतर या कुळात एकही मूळ संख्या सापडलेली नाही.

पायरी ९ : एक दिवा विझवा

इथवर आलात तर हे स्वतः करा. ३१ चे पाच एक म्हणजे पाच पेटलेले दिवे समजा. एका वेळी एकच विझवा आणि काय मिळते ते लिहा: १५, २३, २७, २९, ३०. यांत २३ आणि २९ मूळ आहेत, आणि त्या एकमेकींची प्रतिबिंबे आहेत हे तुम्ही आता ओळखालच.

मग १२७ घ्या, सात दिवे. आमच्या घरी हे करताना भाचीने पैज लावली होती की एखादी तरी मूळ संख्या निघेलच. शेवटचा विझवला, १२६. त्याच्या शेजारचा, १२५. मग १२३, म्हणजे ३ × ४१. मग ११९, तिथे ती बराच वेळ अडली, शेवटी तीन-तीनचे गट पाडून ७ × १७ काढले. मग १११, म्हणजे ३ × ३७. मग ९५. आता एकच दिवा उरला होता, सगळ्यांत डावीकडचा. तिने तो विझवला, घरे मोजली, आणि काही न बोलता वहीत ६३ लिहून त्याच्याखाली ७ × ९ लिहिले.